खंदकातलं लिंबू

आपली सासू राहायला येणार म्हटल्यावर माझ्या नवऱ्याला पहिली काळजी वाटली ती हवेतल्या दमटपणाची.

"त्या ओला टॉवेल खोलीत वाळत घालतील," तो म्हणाला. "शिवाय माणूस म्हटला की श्वास आला. श्वासात पाणी असतं."

"बरं. आईला सांगते, श्वास बाल्कनीत जाऊन घ्यायचा."

त्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि भिंतीवरच्या ओलावा मोजायच्या यंत्राकडे चिंतातुर होऊन बघत राहिला. माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हासुद्धा त्याचा चेहरा एवढा उतरला नव्हता.

नवरा औषधांच्या दुकानात असतो. म्हणजे दुकान त्याचंच आहे, पण त्याला 'मालक' म्हटलं की तो मागे वळून बघतो कोणाला म्हटलं ते. दिवसभर खोकल्याची औषधं आणि गुडघ्याचे पट्टे विकायचे आणि संध्याकाळी घरी येऊन पांढरे हातमोजे चढवायचे. मग आमच्या आतल्या खोलीचा दिवा लागतो आणि हा माणूस सरसेनापती होतो. त्या खोलीत चारही भिंतींवर जुनी लष्करी हत्यारं आहेत. संगिनी, खंजीर, कट्यारी, आखूड, लांब, वाकड्या, एक तर मधोमध मोडलेली, तिचं कौतुक सगळ्यात जास्त. मूठ कुठल्या लाकडाची, म्यानाची शिवण हाताची की यंत्राची, हे सगळं त्याला पाठ. आणि बोटाला सुई टोचली तर हाच सरसेनापती डोळे मिटून खुर्चीत बसतो आणि मला म्हणतो, "थांबलं का गं?"

मी गाडी चालवायला शिकवते. शिकवायच्या गाडीत माझ्या पायाखालीही एक ब्रेक असतो. वर्षानुवर्षं तो दाबून दाबून माझा स्वभाव झाला आहे तो असा. नवऱ्याला मी एरवी 'अरे' म्हणते. 'अहो' म्हटलं की त्यानं ओळखावं, पाय ब्रेकवर गेला आहे.

त्याच्यासारखेच आणखी काहीजण मिळून त्यांचं एक मंडळ आहे. मी त्यांना पातेवाले म्हणते. त्यांचे नियम कडक. त्यातला पहिला नियम, 'सुरी' हा शब्द उच्चारायचा नाही. सुरी म्हणजे कांदे चिरायची वस्तू. भिंतीवरच्या ऐवजाला कोणी सुरी म्हटलं तर त्यानं तिथल्या तिथे उठून सगळ्यांना चहा करून द्यायचा. मी एकदा मुद्दाम म्हणून बघितलं. पातेवाले चहाची वाट बघत बसले. मी पिशवी उचलून बाहेर निघून गेले.

दुसरा नियम वयाचा. जुन्या पोलादावर हवेनं, हाताच्या घामानं, वर्षांच्या वर्षांनी एक करडा-काळसर थर चढतो. त्याला हे लोक 'वय' म्हणतात. "या पात्याला काय सुंदर वय आहे!" असं म्हणताना त्यांचे आवाज घोगरे होतात. वय घासायचं नाही, खरवडायचं नाही. हलक्या हातानं तेलाचा बोळा फिरवायचा आणि त्याला निवांत पडू द्यायचं. कोणी हौसेनं पातं घासून चकचकीत केलं, तर बाकीचे त्याला महिनाभर वाळीत टाकतात.

आणि नवऱ्याचा लाडका खंजीर नेमका चकचकीत होता. जुन्या युद्धात सैनिक खंदकात उतरून समोरासमोर लढत, तेव्हाचा तो खंदकातला खंजीर, असं त्याचं म्हणणं. आखूड, जाड पातं, लाकडी मूठ, चामड्याचं म्यान. भंगारवाल्याकडे तुटक्या पंख्याखाली मिळाला होता. पण पातं असं झगझगीत की त्यात बघून कुंकू... नाही, कुंकू सोडा, दाढी करता आली असती. पातेवाल्यांनी नाक मुरडलं. "एकतर नकली, नाहीतर घासून मारलेला," असा निकाल मंडळाच्या अध्यक्षांनी देऊन टाकला. अध्यक्षांच्या गळ्यात कायम एक भिंग लटकत असतं, त्यामुळे आमच्या घरात त्यांचं नाव भिंग. नवऱ्यानं हातापाया पडून फेरतपासणी मागितली. ती मिळाली, पण नियमानं. तपासणीच्या दिवसापर्यंत मालकानं वस्तूला हात लावायचा नाही, म्यानातून काढायची नाही. नवऱ्यानं खंजीर खोलीतल्या टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडे नुसता बघून झुरायला लागला.

तेवढ्यात माझी आई न्हाणीघरात पडली.

आई एकटी राहायची, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. पडली ती शेजारीण दार ठोठावेपर्यंत तशीच ओल्या फरशीवर होती. मनगट मोडलं, बरगडी दुखावली. मी गाडी घेऊन गेले आणि तिला उचलून आणलं. एक पिशवी आणि एक रेडिओ, एवढंच तिनं बरोबर घेतलं. आई जन्मभर एका मोठ्या कचेरीत टेलिफोनच्या बोर्डावर होती. हा फोन त्याला जोड, तो फोन याला जोड. लोकांची बोलणी ऐकायची नाहीत असा तिथे नियम होता. तो तिनं कधी पाळला असेल असं मला वाटत नाही.

तिची खाट अर्थातच आतल्या खोलीत पडली. आमची झोपायची खोली सोडली तर दुसरी खोलीच नाही. वर बघत आई म्हणाली, "अगंबाई! किती सुऱ्या या! आणि तुझ्या ओट्यावर एक धड नाही. तिथली तर टोमॅटोला बघून माघार घेते."

नवरा कळवळला. "आई, या... त्या नाहीत."

"त्या म्हणजे?"

"तुम्ही म्हणालात त्या."

"सुऱ्या?"

"हो. त्या नाहीत." शब्द तोंडातून काढला तर स्वतःवरच चहा येणार, म्हणून तो दारातच घुटमळत उभा राहिला. आईनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "नंतर सांगते."

पंधरा-वीस दिवसांत आईनं घर आपलंसं केलं. सकाळी उठून ती एका हातानं गरम पाण्यात लिंबू पिळायची, एक पेला स्वतःला, एक जावयाला. जावई आधी तोंड वाकडं करायचा. मग सवय लागली. मग तर दुकानात जायची घाई असली तरी पेल्याशिवाय चप्पल पायात घालेना. तक्रार मात्र रोजची. आई गाळायची नाही.

"आई, आजही बी आली."

"चावा. पोटाला बरी असते."

"दाताखाली येते हो."

"म्हणजे दात आहेत अजून. चांगलंय की, जावईबापू."

मला वाटलं होतं, जमलं. मग डॉक्टरांनी प्लास्टर काढलं आणि सांगितलं की यापुढे यांनी एकटं राहायचं नाही. त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरात आमची जुंपली.

नवरा वाईट माणूस नाही. त्यानं चांगल्या मनानं सांगितलं की त्याच्या दुकानाजवळ एक वृद्धाश्रम आहे, स्वच्छ आहे, बाग आहे, तो रोज स्वतः औषधं पोचवील. "इथे खोली कुठे आहे गं? आणि भिंग म्हणालेत, खंजीर खरा ठरला तर ते खोली मंडळाच्या पाहुण्यांसाठी खुली ठेवायचं बघतायत. फलक लागेल बाहेर. माझ्या नावाचा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अहो," मी म्हटलं, "भिंतीवरच्या वयाला पांढरे हातमोजे आणि तेलाचा बोळा. आणि माझ्या आईच्या वयाला वृद्धाश्रम?"

तो लाल झाला. बराच वेळ बरणीची झाकणं उघडत-लावत बसला. आणि मग तो जे बोलला ते अगदीच पोरकट होतं. "ठीक आहे. तपासणी होऊ दे. खंजीर खोटा निघाला तर खोली तुझ्या आईची. सगळं मी काढून घेतो. पण खरा निघाला तर खोली माझी, आणि आईंची सोय तिकडे. मंजूर?"

"मंजूर," मी म्हटलं आणि हात पुढे केला. आईला मी पैजेवर लावलं, हो. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण मी जिंकणार होते. इतका चकचकीत खंजीर खरा ठरणं शक्यच नव्हतं.

स्वयंपाकघर आणि आतली खोली यांच्यामधली भिंत पातळ आहे. पलीकडे टेलिफोनवाली बाई बसली आहे, हे आम्हा दोघांपैकी कोणाच्याही डोक्यात आलं नाही.

त्यानंतर आई लिंबं जास्त मागवायला लागली. मी आणून दिली. थंडीचे दिवस होते, म्हटलं सर्दी असेल.

तपासणीला दुपारी दोघेजण आले. भिंग आणि घड्याळजी. घड्याळजीचं चौकात घड्याळदुरुस्तीचं दुकान, आणि तो इतका हळू बोलतो की वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत समोरचा निघून गेलेला असतो. आई खाटेवर मांडीवर पांघरूण घेऊन बसलेली. भिंगांनी आधी भिंतीवरचं यंत्र बघितलं, मग आईला बघितलं.

"आजींना बाहेर बसवलं असतं तर बरं. दमटपणा..."

"मी कोरडीच आहे," आई म्हणाली. "तुमचं चालू द्या."

टेबलावर पांढरं कापड अंथरलं गेलं. भिंगांनी हातमोजे घातले, खंजीर उचलला आणि म्यानातून सर्रकन ओढला. मी दारात उभी होते.

पातं काळसर पडलं होतं. करडं, मध्येच निळसर, कडेला ढगांसारखे डाग. चकाकी कुठल्या कुठे.

नवरा तर तोंड उघडं टाकून बघतच राहिला. त्यानं खरंच हात लावला नव्हता, हे मी शपथेवर सांगते. नियम मोडायचा म्हटलं तर त्याला ताप येतो.

"वय!" भिंग म्हणाले. आवाज घोगरा. "मागच्या वेळी वर तेलाचा पापुद्रा होता, म्हणून चकाकत होतं. आता खालचं वर आलं. वय दडपता येत नाही, लक्षात ठेवा. कधी ना कधी वर येतंच."

"पण... इतक्या... लवकर..." घड्याळजी सुरू झाला.

त्याचं कोणी ऐकलं नाही. भिंगांनी पातं नाकाशी नेलं. मग म्यान नाकाशी नेलं. डोळे मिटले. "वास घ्या! चामड्याला मुरलेला वास. आंबूस. हा घामाचा, चिखलाचा, खंदकातल्या सडक्या पाण्याचा वास आहे. शंभर वर्षांचा आंबूस वास! हा बाजारातल्या नकली मालाला कुठून येणार?"

नवऱ्याचे डोळे भरून आले. त्याला इतकं सुखात मी फार कमी वेळा बघितलं आहे, आणि नेमकं आता, जेव्हा मला त्याचा गळा दाबावासा वाटत होता. मनातल्या मनात मी वृद्धाश्रमाच्या बागेला आग लावली. आईकडे बघितलं तर ती शांतपणे पांघरुणाच्या सुरकुत्या सारखी करत होती.

भिंगांनी म्यान उलटं धरून कापडावर ठोकलं. आतून काहीतरी टपकन पडलं. बारीक, पांढुरकं, टोकदार.

तिघंही वाकले. भिंग भिंगातून बघत होते. श्वास रोखून, म्हणजे निदान दमटपणा तरी नव्हता.

"छर्रा," ते कुजबुजले. "शिशाचा छर्रा असावा. वरून चुन्याचा थर चढलाय. म्यानात घुसून बसला असणार. म्हणजे हा खंजीर ज्याच्या कमरेला होता, त्याच्यावर..." त्यांनी भिंग गळ्यात सोडलं आणि छर्ऱ्याला हात जोडले.

नवरा त्या छर्ऱ्याकडे बघत होता. आनंदानं फुललेला चेहरा हळूहळू उतरत गेला. त्यानं हातमोजा काढला, जे पातेवाल्यांत भर सभेत कपडे काढण्यासारखं आहे. तो छर्रा चिमटीत धरला आणि तोंडात टाकला.

भिंग किंचाळले.

नवऱ्यानं चावला. कडू तोंड केलं.

"बी आहे," तो म्हणाला. "लिंबाची."

"काहीतरीच काय बोलताय!" आई एकदम खाटेवरून ओरडली. "छर्रा आहे तो! साहेब म्हणतायत ना छर्रा, मग छर्रा! तुम्हाला काय कळतंय, जावईबापू, गप्प बसा!"

"आई, रोज सकाळी ती माझ्या दाताखाली येते. तिला छर्रा कसं म्हणू?" मग तो भिंगांकडे वळला. "हे वय नाही, साहेब. हा लिंबाचा रस आहे. वासही लिंबाचाच. माझ्या सासूबाईंनी माझ्यासाठी यानं लिंबं कापली."

पुढचा अर्धा तास भिंगांनी मंडळाची फसवणूक, संस्कृतीचा ऱ्हास आणि स्त्रियांना संग्रहाच्या खोलीत येऊ देणं या तीन विषयांवर भाषण केलं. तिसऱ्या विषयावर मी 'अहो' म्हटलं, तेव्हा ते चपला घालायला लागले. घड्याळजीनं मात्र जाता जाता दारात आपलं वाक्य एकदाचं पूर्ण केलं. लिंबानं इतकं काळं पडतं ते साधं जुन्या पद्धतीचं पोलाद, हल्लीचं न गंजणारं पडलं नसतं. म्हणजे खंजीर नकली नसेलही.

"नसेलही आणि असेलही!" भिंग जिन्यातून ओरडले.

अशा रीतीनं खंजीर खराही ठरला नाही आणि खोटाही ठरला नाही. पैजेचं काय करायचं ते मलाही कळेना. दार लावून मी खोलीत आले आणि आईवर तोफ डागली.

"ओट्यावर ढीगभर सुऱ्या असताना तुला हाच सापडला?"

"त्या बोथट आहेत. पहिल्यांदा म्हणूनच घेतला," आई म्हणाली. "एकदा कापलं तर काळा डाग पडला. म्हटलं, आता हा बोंब मारणार. घाबरून पुसून ठेवला. मग त्या संध्याकाळी तुमचं ऐकलं."

"काय ऐकलंस?"

"सगळं. काळं झालं की ते लोक त्याला वय म्हणतात, आणि वय असलं की खरं ठरतं, हे तर मी आल्यापासून ऐकतेय. मग रोज चोळत बसले. अर्धं लिंबू पात्याला, अर्धं पेल्यात."

"अगं, पण खरा ठरला असता तर तुला जावं लागणार होतं!"

"मग? जाणारच होते." ती पांघरुणाची घडी घालत होती, एका हातानं, वाकडीतिकडी. "जावयाची हौस मोडून त्याच्या छातीवर बसायला आले नाही मी. मला इथे राहायचंय. खूप राहायचंय, कशाला खोटं बोलू. त्या न्हाणीघरात पडले होते ना, तेव्हा मला वाटलं होतं, आपण मेलो तरी फोन कोण उचलणार. पण पैजेत जिंकलेली म्हातारी म्हणून नाही राहायचं. कोणी ठेवून घेतलं तर राहीन."

मी पांघरूण तिच्या हातातून घेतलं आणि घडी नीट घातली. नवरा टेबलाशी पाठ करून उभा होता. तो खंजीर पुसत होता, हातमोज्यांशिवाय, शर्टाच्या टोकानं. मला त्याचा इतका राग आला की रात्रीचं जेवण मी ताटात आदळलं.

सकाळी मला जाग आली ती भिंतीवर ठोकण्याच्या आवाजानं. आमच्या झोपायच्या खोलीत, माझ्या उशीच्या बरोबर वर, नवरा स्टुलावर उभा राहून खिळे मारत होता. पलंगावर माझ्या पायांशी संगिनींची रांग लागलेली. ओलावा मोजायचं यंत्र कपाटाला लटकवून झालं होतं.

"तू झोपेत तोंडानं श्वास घेतेस," तो खिळा दातात धरून म्हणाला. "जरा बेतानं घेत जा."

मी उशी फेकून मारली. मग त्याच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले. आई ओट्याशी उभी होती. पाणी उकळलं होतं, लिंबू पुढ्यात होतं, आणि ती ओट्यावरच्या त्या बोथट पत्र्यानं त्याच्याशी झटापट करत होती. खंजीर आता नवऱ्याकडे होता, तो मागायचं तिला धाडस नव्हतं.

नवऱ्यानं लेंग्याच्या कमरेतून म्यान काढलं. खंजीर ओढला, मूठ तिच्याकडे करून पुढे धरला. काळा, डागाळलेला, मंडळातून हाकललेला. एकदा घसा खाकरला.

"आई," तो म्हणाला, "ही घ्या तुमची सुरी. आणि ही आता इथेच राहणार, तुमच्याजवळ."

आईनं सुरी घेतली आणि लिंबाचे दोन तुकडे केले, एका झटक्यात.

मी खुर्ची ओढून बसले, डोळे पुसले आणि टेबलावर बोटानं टकटक केलं.

"अहो," मी म्हटलं, "सुरी म्हणालात. चहा टाका."

त्यानं मुकाट्यानं आधण ठेवलं, तिघांपुरतं.